एक्स्प्रेस पासवाले पुढे जातात तेव्हा आपल्या रांगेचं नेमकं काय होतं?

प्रश्न असा होता: "सुट्टीत चौघं थीम पार्कला गेलो. तिकिटाचे पैसे पूर्ण भरले. तरी एका रोलर कोस्टरला पावणेदोन तास उभे होतो, आणि शेजारच्या मोकळ्या गल्लीतून एक्स्प्रेस पासवाले येऊन आमच्याआधी बसत होते. हे न्याय्य आहे का? आणि पुढच्या वेळी आम्हीही तो पास घ्यावा का?"

जादा पैसे घेऊन कुणाला आधी सोडलं, एवढ्यावरून अन्याय ठरत नाही. किती जणांना सोडलं आणि ते तुम्हाला तिकीट घेतानाच सांगितलं का, यावर ठरतो. हा 'किती'चा आकडा कुठेच लावलेला नसतो, म्हणून आधी हिशेब करू.

समजा, रोलर कोस्टरच्या गाडीत २४ आसनं आहेत आणि दर ७२ सेकंदांना एक गाडी सुटते. तासाला ५० फेऱ्या, १,२०० माणसं. ही झाली कागदावरची क्षमता. प्रत्यक्षात कुणाचा पट्टा नीट बसत नाही, कुणाच्या खिशात मोबाईल राहिलेला असतो, एखाद्या मुलाची उंची पुन्हा मोजावी लागते. गाडी ७२ ऐवजी ९० सेकंदांनी सुटू लागली की फेऱ्या ४० होतात आणि माणसं ९६०. एका गाडीत काही बिघडलं आणि दोनऐवजी एकच गाडी चालवावी लागली, तर जवळपास अर्धीच उरतात. पुढच्या सगळ्या हिशेबात ९६० धरू.

एक्स्प्रेस पास या ९६० आसनांत एकाचीही भर घालत नाही. आता तुमच्यापुढे साध्या रांगेत ४८० माणसं आहेत असं धरा. एक्स्प्रेसची गल्लीच नसेल तर तुमचा नंबर अर्ध्या तासात लागतो. निम्मी आसनं एक्स्प्रेसला गेली तर साध्या रांगेतून तासाला ४८० माणसं सुटतात, तुमचा नंबर एका तासाने. तीन चतुर्थांश आसनं गेली तर दोन तास. रांगेची लांबी तीच, वळणावळणाचे लोखंडी कठडे तेच, फक्त पाय उचलण्याचा वेग चौपट कमी. म्हणूनच रांग डोळ्यांनी बघून बांधलेला अंदाज हमखास चुकतो.

इथे पार्कवाले एक रास्त हरकत घेतात: एक्स्प्रेसने गेलेली माणसं गल्ली नसती तर तुमच्याच पुढे उभी असती, मग तुमचं खरं नुकसान एवढं कसं? मुद्दा बरोबर आहे. रांगशास्त्रात यावर अमेरिकी संशोधक लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्ये मांडलेला अक्षय्यतेचा नियम आहे. आसन रिकामं जाऊ दिलं नाही, तर कुणाला आधी सोडलं यामुळे सगळ्यांच्या एकूण थांबण्यात फरक पडत नाही. ते थांबणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, इतकंच. सगळ्यांना सारखी वागणूक दिली तर प्रत्येकी ६० मिनिटं थांबावं लागतं असं धरा, आणि पासवाले फक्त १० मिनिटं थांबतात असं. दहा टक्के आसनं पासवाल्यांकडे गेली तर बाकीच्यांची वेळ साडेपासष्ट मिनिटांवर जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. वीस टक्के गेली तर साडेबहात्तर. पन्नास टक्के गेली की ११० मिनिटं.

म्हणजे पहिल्या काही पासांचा भार शेकडो जणांत वाटला जातो. पास जसजसे वाढतात तसतसे भार वाहणारे कमी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याचं ओझं वाढत जातं. वीस टक्क्यांच्या आत हा व्यवहार बऱ्यापैकी सभ्य राहतो, पन्नासाच्या पुढे साध्या तिकिटाचा अर्थच बदलतो. 'सर्व राइड्स समाविष्ट' लिहिलेलं तिकीट हातात असतं, पण दिवसभरात त्यातल्या चारच पदरात पडतात.

ही टक्केवारी माणसांची नसून आसनांची आहे, आणि बहुतेक चर्चा इथेच घसरते. शंभरातल्या १५ जणांकडे पास आहे, ते दिवसात १० राइड्स घेतात आणि बाकीचे ८५ जण ५ घेतात, असं समजा. पासवाल्यांच्या १५० फेऱ्या, बाकीच्यांच्या ४२५. माणसं १५ टक्के असली तरी आसनं २६ टक्के गेली. शिवाय पास कुणी झोक्यावर खर्च करत नाही. तो पार्कातल्या सगळ्यात गाजलेल्या तीन-चार राइड्सवरच वापरला जातो, त्यामुळे तिथला वाटा २६ च्याही वर जातो. "आम्ही फक्त पंधरा टक्केच पास विकतो" हे वाक्य खरं असूनही फसवं असू शकतं.

वॉटर पार्कच्या घसरगुंड्यांवर हे आणखी झोंबतं. दोघांची ट्यूब दर ४० सेकंदांनी सोडली तर तासाला जेमतेम १८० माणसं. तासाभरात ६० पासवाले आले की एक तृतीयांश क्षमता गेली. कोस्टरवर ६० माणसं म्हणजे अडीच गाड्या, कुणाला कळतही नाहीत. तरीही कित्येक पार्क दोन्हीकडे एकाच नियमाने पास विकतात.

आता दोन रांगा जिथे एक होतात त्या जागेकडे बघा, कारण पावणेदोन तास कुठून आले ते तिथेच कळतं. फलाटाच्या जरा अलीकडे एक कर्मचारी दोरी किंवा छोटं फाटक धरून उभा असतो. उजवीकडे साधी रांग, डावीकडे एक्स्प्रेस. त्याला प्रमाण ठरवून दिलेलं असतं, समजा एक्स्प्रेसचे १२ तर साधे १२. एक्स्प्रेसची गल्ली ठरावीक खुणेच्या मागे गेली की प्रमाण बदलायचं, १८ आणि ६ करायचं, अशा सूचना असतात. पासवाल्याला 'लगेच' विकलेलं असतं, त्यामुळे त्याची तक्रार महाग पडते. साध्या रांगेला कुणी वेळेचा शब्द दिलेला नसतो. फलकावर 'अंदाजे ६० मिनिटं' लिहिलेलं असतं, तेही अंदाजे. ताण आला की तो कुणावर टाकायचा, हे या मांडणीतच ठरून गेलेलं असतं. दोरी धरणाऱ्या पोराला शिव्या देऊन काही उपयोग नसतो, तो निर्णय त्याचा नसतो.

सगळ्यात वाईट अवस्था होते ती राइड बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर. ४५ मिनिटं बिघाड. तासाला ४८० एक्स्प्रेसवाले येणार असतील तर तेवढ्यात ३६० जण तुंबतात. सुरू झाल्यावर पहिल्या तासात हे ३६० आणि त्या तासाचे ४८०, असे ८४० सोडायचे म्हटलं तर ९६० मधली १२० आसनं साध्या रांगेला उरतात. चाळीस गाड्यांपैकी पाच. म्हणून राइड नुकतीच सुरू झाली हे पाहून धावत जाणं साध्या तिकिटवाल्याच्या अंगाशी येतं; तासभर दुसरीकडे काढावा. चांगली पार्कं अशा वेळी अडकलेल्या पासवाल्यांना दिवसभरात केव्हाही किंवा दुसऱ्या राइडवर चालेल अशी सवलत देतात, म्हणजे लोंढा पसरतो.

फुकट पास असता तर न्याय झाला असता, असं अनेकांना वाटतं. डिस्नेने १९९९ मध्ये अमेरिकेत फास्टपास आणला तो फुकटच होता. राइडजवळच्या यंत्रात प्रवेशाचं तिकीट घालायचं, परतीची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि त्या तासाभराच्या अवधीत यायचं. हक्क सगळ्यांना सारखा. पण घरातला एकजण सगळ्यांची तिकिटं घेऊन सकाळीच यंत्राकडे पळायचा, आणि ज्याला ही युक्ती ठाऊक नाही तो दुपारी चिठ्ठ्या संपल्याची पाटी वाचायचा. वर माणूस चिठ्ठीच्या रांगेत कागदावर उभा आणि त्याच वेळी दुसऱ्या राइडच्या साध्या रांगेत पायांवर उभा, म्हणजे एकच माणूस दोन रांगांत. साधी रांग तेव्हाही रखडायचीच. पैशाऐवजी माहितीवाल्याला झुकतं माप मिळालं, एवढाच फरक.

ऑक्टोबर २०२१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये त्याच गल्ल्या 'लाइटनिंग लेन' नावाने पैशाला मिळू लागल्या. सुरुवातीचा दर माणशी रोज १५ डॉलर. नंतर गर्दीप्रमाणे दर बदलू लागले. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर, आधी वेळ न ठरवता गल्लीतून सोडणारा 'प्रीमियर पास' आला, तो तेव्हा पार्क आणि दिवसाप्रमाणे १२९ ते ४४९ डॉलर, तेही प्रवेशाच्या तिकिटावर वेगळे. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना साधे लाइटनिंग लेन पास सात दिवस आधी घेता येतात, इतरांना तीन दिवस. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये काही महागड्या हॉटेलांच्या पाहुण्यांना अमर्याद एक्स्प्रेस खोलीच्या भाड्यातच मिळतो. मला सगळ्यात खटकते ती ही हॉटेलची वाट. निदान पासाची किंमत फलकावर दिसते. खोलीभाड्यात गेलेले पास रांगेतल्या कुणाच्याच हिशेबात येत नाहीत.

दुसऱ्या टोकाला सिक्स फ्लॅग्स या अमेरिकी पार्क-साखळीत २००१ पासून आलेली लो-क्यू कंपनीची पद्धत. हातात मावणारं छोटं यंत्र भाड्याने घ्यायचं, त्यावर राइड निवडायची आणि वेळ झाली की ते थरथरायचं. पुढे हे काम मोबाईल करू लागला. यातल्या मूळ, स्वस्त प्रकारात तुम्ही कुणाच्या पुढे जात नव्हता. साध्या रांगेला लागणारा वेळच तुम्ही सावलीत बसून काढायचा. महाग प्रकारात वेळ निम्मा, सगळ्यात महागात नव्वद टक्के कमी. एकाच यंत्रात दोन अगदी वेगळे व्यवहार होते: पहिल्यात उभं राहण्याचा त्रास विकत टाळायचा, शेवटच्यात दुसऱ्याचा वेळ विकत घ्यायचा. पहिल्याला माझी फारशी हरकत नाही.

पासाच्या बाजूने दोन युक्तिवाद होतात. पहिला विमानाचा: बिझनेस क्लासला जादा पैसे चालतात, मग इथे का नाही? विमानात जादा पैशाला मोठं, वेगळं आसन मिळतं आणि पुढे कुणी मोठ्या आसनावर बसला म्हणून तुमचं विमान उशिरा पोचत नाही. इथे आसन तेच आणि उशीर तुमचाच. तत्काळ तिकीट जवळचं उदाहरण आहे, पण तिथे कोटा आधी ठरतो आणि कन्फर्म तिकीटवाल्याची गाडी तत्काळवाल्यांमुळे खोळंबत नाही. दुसरा युक्तिवाद असा की पासाच्या कमाईमुळे प्रवेशाचं तिकीट स्वस्त ठेवता येतं. तत्त्वतः हे शक्य आहे. पण फुकटचा पास पैशाचा झाला तेव्हा डिस्नेच्या प्रवेशाचे दर उतरले नाहीत, हे सगळ्यांसमोर आहे.

याहून काळजीची गोष्ट मालकाच्या गणितात आहे. पासाची किंमत म्हणजे वाचलेला वेळ. रांगच नसेल तर पास कोण घेईल? दुसरी गाडी लावली, चढवणारे दोन कर्मचारी वाढवले की साधी रांग आटते आणि तिच्याबरोबर पासाचा खपही. कुणी मुद्दाम रांग वाढवतं असं मी म्हणत नाही. पण रांग कमी करण्यासाठी खर्च मागणाऱ्या ऑपरेशन्सच्या माणसाची बाजू बैठकीत कमकुवत होते, हे समजायला कटाची गरज नाही.

ज्यांना रांगेत उभं राहताच येत नाही त्यांचा प्रश्न यात विनाकारण भरडला जातो. अमेरिकेत २०१३ मध्ये बातम्या आल्या की काही श्रीमंत कुटुंबं अपंग व्यक्तीला भाड्याने सोबत घेऊन डिस्नेच्या रांगा चुकवतात. त्याच वर्षी डिस्नेने जुनी सवलत बदलली आणि थेट पुढे सोडण्याऐवजी रांगेइतक्याच वेळाने परत बोलावण्याची पद्धत आणली. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले आणि सवलत मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती ठेवली. ज्यांना संधिवात आहे, वारंवार स्वच्छतागृहाला जावं लागतं, अशांपैकी कित्येकांना 'रांगेतून बाहेर येऊन परत जा' असं सांगितलं जाऊ लागलं. माझ्या मते किमतीने यात भरच घातली. गल्ली फुकट होती तेव्हाही खोटं चालायचंच. तिला शेकडो डॉलरचा भाव आला की खोट्याचाही भाव वाढतो, आणि मग संशय खऱ्या माणसावर. सवलतीचा आणि विकलेल्या पासाचा कोटा वेगळा मोजला तर हे बरंच टळतं.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकामध्ये एक्स्प्रेस तिकीट आहे, बंगळुरू, हैदराबाद, कोचीच्या वंडरलामध्ये फास्टट्रॅक आहे. आणि रांगेत पैसे मोजून पुढे जाण्याचा वाद आपल्याला देवळांतून चांगलाच परिचयाचा आहे. शिर्डीत सशुल्क दर्शन आहे आणि पंढरपुरात आषाढीला व्हीआयपी दर्शन बंद ठेवण्याची मागणी दरवेळी होते. जानेवारी २०२५ मध्ये व्हीआयपी दर्शनाच्या शुल्काविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. अशी खास वागणूक असू नये असं मत बोलून दाखवलं, पण त्यावर आदेश देण्याचं हे प्रकरण नव्हे असंही म्हटलं. खासगी करमणुकीच्या पार्कात पास विकणं बेकायदा आहे असं तर कुणी म्हणू शकणार नाही. मात्र जाहिरातीत 'अमर्याद राइड्स' म्हणायचं आणि गर्दीच्या दिवशी मुख्य राइडची बहुतांश आसनं पासवाल्यांना द्यायची, ही दिशाभूल ठरू शकते, आणि दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रार करायची असेल तर फलकावरची वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ, दोन्हींचे फोटो जागेवरच काढून ठेवा. घरी आल्यावरच्या आठवणींना कुणी विचारत नाही.

रांगेत फुकट आणि निरुपद्रवी असा एकच शॉर्टकट आहे, एकट्यांची रांग. चौघांच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की उरलेलं चौथं आसन एकट्या माणसाने भरायचं. ते आसन नाहीतर रिकामंच जाणार होतं, त्यामुळे कुणाचं काही जात नाही. उलट खरी क्षमता वाढते. मुलं मोठी असतील आणि वेगवेगळं बसायची तयारी असेल तर आधी ही रांग आहे का ते विचारा.

आता पास घ्यावा का? दिवस बघा. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडून मधल्या वारी गेलात तर सहसा पासाची गरज पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बस किती लागल्यात ते पार्किंगमध्येच दिसतं. पावसाळ्यात खोपोलीच्या बाजूला जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या मोठ्या राइड्स थांबतात, आणि पास नेमका त्यांच्यासाठीच घेतलेला असतो. त्या दिवसांत आगाऊ पास घेऊ नका.

आत गेल्यावरही लगेच घेऊ नका. पहिल्या तासात एक्स्प्रेसची गल्ली आणि साधी रांग सारख्याच मोकळ्या असतात. दार उघडण्याआधी पोचा, सगळ्यात मोठ्या राइडकडे आधी जा, फाटकाजवळच्या राइडवर रेंगाळू नका. सगळी गर्दी तिथेच थांबते. शेवटच्या तासातही बहुतेक पासवाले आपापल्या राइड्स उरकून मोकळे झालेले असतात. बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्याला बहुतेक ठिकाणी राइड मिळते, तरी दारावरच्या माणसाला विचारून घ्या.

मधल्या वेळेत प्रमाण स्वतः मोजता येतं. रांगा एकत्र होतात ती जागा दिसेल असे दहा मिनिटं उभे राहा आणि साध्या रांगेतून किती जण आत गेले तेवढंच मोजा. ८० गेले तर साध्या रांगेचा वेग तासाला ४८०. रांगेतल्या माणसांचा अंदाज घ्या. कठड्याच्या एका सरळ पट्ट्यात साधारण किती जण मावतात ते मोजून पट्ट्यांच्या संख्येने गुणा. भागाकार केला की फलकापेक्षा विश्वासाची वेळ मिळते. अशा तीन मोठ्या राइड्सवर मिळून तीन तास वाचत असतील आणि चौघांच्या पासांचे जादा ४,००० रुपये होत असतील, तर माणशी तासाला ३३३ रुपये पडले. ते परवडतं का, हे प्रत्येकाने आपल्या खिशाकडे बघून ठरवावं. नागपूरहून एका दिवसासाठी आलेल्या कुटुंबाचं उत्तर पनवेलकरांपेक्षा वेगळं येईल, आणि दोन्ही बरोबर असतील.

पैसे देण्याआधी खिडकीवर विचारायचं ते एवढंच: पास कोणत्या राइड्सना चालतो आणि घसरगुंड्या त्यात आहेत का, एका राइडला एकदाच की कितीही वेळा, आज किती पास विकणार आहात, राइड बंद पडली तर पैसे परत, दुसरी राइड, की काहीच नाही. आजच्या पासांना मर्यादाच नसेल तर दुपारपर्यंत एक्स्प्रेसची गल्लीही भरते, आणि तुम्ही जादा पैसे देऊन दुसऱ्या रांगेत उभे राहता. जपानच्या युनिव्हर्सल स्टुडिओत ठरावीक चार किंवा सात राइड्सचे एक्स्प्रेस पास मोजूनच विकतात, काही राइड्सची वेळही पासावर छापलेली असते. संपले की संपले. एखाद्या पार्कच्या खिडकीवर 'आजचे पास संपले' अशी पाटी दिसली तर चिडू नका. तिथल्या साध्या रांगेत निर्धास्त उभे राहायला हरकत नाही.